पितळ खाली, माणूस वर

मित्रांनो, मी लाकूड आहे, आणि मी रागावलेला आहे. जुनी वस्तू बोलायला लागली की तिने गोड बोलावे, आठवणींत रमावे आणि शेवटी दोन आसवे गाळावीत, अशी तुमची अपेक्षा असते. ते मला जमणार नाही. ज्यांना तशी गोष्ट हवी असेल त्यांनी शेजारच्या दालनातल्या चरख्याकडे जावे. तो फार छान रडतो.

मी जिगे आहे. कोरियाच्या डोंगराळ मुलखात घरटी एक तरी जिगे असायचाच. दोन लांब फांद्या, वर जवळ आलेल्या आणि खाली फाकलेल्या. प्रत्येकीला मागच्या बाजूने एक बेचके फुटलेले. त्या दोन बेचक्यांवर ओझे बसते. मध्ये आडव्या पट्ट्या, पाठीला टेकायला भाताच्या पेंढ्याची गादी, खांद्यांवर घ्यायला पेंढ्याचेच वळलेले दोन पट्टे. सोबत एक काठी. मला उभे करायचे तर ती टेकू होते, चढण आली की आधार होते, आणि माणसाला गाणे सुचले की माझ्या पायावर ठोका धरायच्या कामी येते.

लढाईच्या काळात परदेशी पलटणी आल्या. त्यांना माझा आकार त्यांच्या लिपीतल्या पहिल्या अक्षरासारखा दिसला, म्हणून त्यांनी त्या अक्षरावरून माझे नाव ठेवून टाकले. माझ्याखाली वाकलेल्या हजारो माणसांनाही ते त्याच अक्षराची फौज म्हणू लागले. कौतुकाने म्हणायचे, असे सांगतात. असेल. पण ज्याला आईबापांनी नाव ठेवले आहे त्याला अक्षराने हाक मारणे, हे कसले कौतुक ते मला आजवर कळलेले नाही.

मला घडवले प्यो बोंगचुलने. तो शेतकरी होता, बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला सावकाश. जिगे करायचा म्हणजे सुताराकडे जायचे नसते. ज्याची पाठ त्यानेच झाड शोधायचे. बोंगचुल एका हिवाळ्यात रोज पाइनच्या रानात जायचा आणि हात हलवत परत यायचा. त्याची बायको ओकबुन त्याला म्हणायची, "लग्नाला मुलगी बघायला एवढे फिरला नाहीत तुम्ही."

"मुलगी आईनं बघितली होती," तो म्हणायचा. "हे मला पाठीवर घ्यायचंय."

"म्हणजे मला नाही घेतलं पाठीवर? बघा बरं, आठवा नीट."

शेवटी त्याला सारख्या बेचक्यांच्या दोन फांद्या सापडल्या. त्याने मला भिंतीला टेकवून, पाठ लावून, उठून, बसून, पुन्हा तासून असे कितीतरी दिवस मापात आणले. त्याचा डावा खांदा लहानपणी पडल्यामुळे जरा उतरता होता, म्हणून माझा डावा पट्टा त्याने आखूड वळला. मी दुसऱ्या कोणाच्या पाठीवर बसूच शकत नव्हतो. एकदा शेजाऱ्याने मला मागून नेले आणि संध्याकाळी कंबर धरून परत आणले. बोंगचुल हसला नाही, पण त्या रात्री जेवताना त्याने भात दोनदा मागून घेतला.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. मी सरपण वाहिले, शेणखत वाहिले, लोणच्याचे रांजण वाहिले. बाजाराच्या दिवशी जाताना कोबी आणि येताना सुके मासे. उतारावर बोंगचुल काठीने माझ्या पायावर ठोका धरायचा आणि अगदी बेसूर गायचा. ते गाणे ऐकून ओकबुन अंगणात पाणी तापत ठेवायची.

एकच ओझे मी असे वाहिले की त्या दिवशी ठोका पडला नाही. त्यांचा पहिला मुलगा गोवराने गेला. लहान लेकराला तिरडी नसते. पेंढ्यात गुंडाळून, जिगेवर ठेवून, बापाने एकट्याने मागच्या डोंगरावर न्यायचे, अशी तिकडची रीत. म्हणूनच आमच्याकडे जिवंत माणूस जिगेवर कधी बसत नाही. खेळताना एखादे पोर चढले तरी आजी धपाटा घालते. फार जुन्या काळी म्हाताऱ्या आईबापांना जिगेवर बसवून डोंगरात सोडून येत, अशीही एक गोष्ट सांगतात. खरे-खोटे कोणाला ठाऊक नाही, पण भीती मात्र सगळ्यांना होती.

नंतर लढाई आली. देशाचे दोन तुकडे आधीच झालेले होते, ते तुकडे एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि त्यांच्या पाठीमागून मोठमोठे देश आले. पहिल्या वर्षी सैन्ये आमच्या खोऱ्यातून खाली गेली, वर गेली, पुन्हा खाली आली. त्या धावपळीत बोंगचुलचे घर जळाले. भांडी, कपडे, लग्नातली पेटी, सगळे गेले. मी त्या दिवशी त्याच्या पाठीवर होतो, म्हणून वाचलो. पाय पसरून मोकळा श्वास घ्यावा तोच गावात हुकूम आला. सैन्यात न घेतलेल्या पुरुषांनी ओझी वाहायला यावे. आणि येताना जिगे आपापला आणावा.

आपापला आणावा. ही दोन शब्दांची उदारता नीट ध्यानात घ्या. बंदूक सरकार देते, गणवेश सरकार देते, पण पाठ आणि पाठीवरचे लाकूड माणसाने घरून आणायचे.

गावातून बोंगचुलबरोबर आणखी एक जण निघाला, मेंग पानसोक. तो पन्नाशीला टेकलेला, त्याला बोलावणेही नव्हते. बोलावणे त्याच्या मुलाला होते, पण सून दिवस भरत आलेली, म्हणून म्हाताराच उठून रांगेत उभा राहिला. मोजणाऱ्याने तोंडाकडे पाहिले नाही, पाठीकडे पाहिले आणि पुढे ढकलले. बोंगचुल त्याला दादा म्हणायचा. नात्याने नव्हे, पण बांधाला बांध असलेल्या माणसांत नाते असावेच लागते असे नाही.

आम्हांला जी टेकडी मिळाली तिला गावकरी कोंबड्याचा तुरा म्हणायचे, कारण तिच्या माथ्यावर तसेच दातेरी खडक होते. सैन्याने तिला उंचीचा आकडा दिला होता. आकड्यावर तोफा डागणे सोपे जात असावे.

तिथला दिवस कसा असे ते सांगतो, कारण लढाईच्या गोष्टीत हे कोणी सांगत नाही. पायथ्याच्या ओढ्याजवळ मोटारी येऊन थांबत. पुढे चाक जात नसे, पुढे आम्ही. पहाट फुटली की ओझी बांधायची. तोफगोळ्यांच्या लाकडी पेट्या, काटेरी तारांची भेंडोळी, पाण्याचे डबे, खंदकांवर घालायचे ओंडके. मग ओढ्याचा उतार ओलांडायचा. त्या जागेवर पलीकडच्यांची तोफ रोखलेली असायची, तिथे धावायचे. ओझे घेऊन चढणीला तोंड करून धावणे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. पुढे पायवाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावलेली. फितीबाहेर पाय पडला की सुरुंग. पावसाळ्यात ती फीत चिखलात जायची आणि माणसे पुढच्याच्या टाचेत पाय टाकत चालायची. थंडीत गवती चपला दगडाला चिकटायच्या. जेवण म्हणजे मीठ लावलेल्या भाताचा मुटका. तो काखेत धरून ऊब द्यायची आणि मग चावायचा, नाहीतर दात हलायचे.

गायला बंदी होती. ठोका धरायलाही बंदी, शत्रू ऐकेल म्हणून. गोळे फुटत असताना शत्रूला काठीचा ठोका ऐकू जाईल, ही अक्कल कोणाची होती ते मला माहीत नाही. बोंगचुल मग बोटाने खांद्याच्या पट्ट्यावर ठोका धरायचा. तो फक्त मला कळायचा.

वर पोहोचवलेले सगळे चार दिवस टिकेल अशी खात्री नसे. टेकडी आज यांची, परवा त्यांची. आम्ही वाहिलेल्या ओंडक्यांच्या खंदकात पलीकडचे येऊन बसायचे, पुन्हा यांच्या तोफा तेच ओंडके फोडायच्या, पुन्हा आम्ही नवे न्यायचे. पानसोक एकदा म्हणाला, "बोंगचुल, आपण दोघांनी मिळून एक गाव बांधलं असतं रे एवढ्या लाकडात."

"आणि जाळायला तेच आले असते, दादा."

"येईनात का. निदान एक हिवाळा तरी उबेत गेला असता."

आता माझ्या रागाच्या मुळाशी येतो. खाली येतानाही आम्ही रिकामे येत नसू. तोफगोळा उडाला की त्याचे पितळी टरफल मागे राहते. ते महाग. म्हणून नियम होता की वर गोळे न्यायचे आणि खाली पितळ आणायचे. पायथ्याशी एक शिपाई उभा असायचा. पितळ नसेल त्याला तो परत वर पाठवायचा. जखमी सैनिकांना खाली आणायला स्ट्रेचर होते. ते वाहणारेही आमच्यातलेच चौघे चौघे. पण आमच्यातला कोणी पडला तर त्याला स्ट्रेचर मिळे ते उरले तर. आणि ते उरत नसे.

शरद ऋतूतला दिवस होता. दरीत धुके, वर ऊन. माथ्याखालच्या वळणावर पितळ बांधत असताना एक गोळा फुटला आणि पानसोकची मांडी फाटली. बोंगचुलने कमरेचा पट्टा सोडून मांडी आवळली. रक्त थांबले नाही, पण कमी झाले. पानसोक शुद्धीवर होता, चिडलेलाही होता.

आमच्या टोळीबरोबर क्वाक नावाचा दुभाषा असायचा. शहरात शिकलेला, जाड चष्म्याचा, वाईट नव्हता. बोंगचुल त्याच्याकडे गेला.

"साहेबाला सांगा, आमच्या दादाला स्ट्रेचर पाहिजे."

क्वाक जवळच्या लेफ्टनंटशी बोलला आणि खाली मान घालून परत आला. "येईल म्हणतात. आधी सैनिक."

"आधी सैनिक, मग?"

"मग पितळ," क्वाक म्हणाला. "तुम्ही पितळ घेऊन निघा, असं म्हणतात. तुमचा माणूस इथं सुरक्षित आहे."

सुरक्षित. ज्या जागी आत्ताच गोळा पडला ती जागा.

बोंगचुल थांबला. खाली जाणारे स्ट्रेचर एकामागून एक गेले, एकही रिकामे नव्हते. ऊन डोक्यावर आले. पानसोकचे ओठ पांढरे व्हायला लागले. तेव्हा बोंगचुलने माझ्यावरचे पितळ दोन्ही हातांनी उपसून वाटेवर फेकले. ते खणखणत उतारावरून गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी ऐकलेला तो सगळ्यात सुंदर आवाज.

त्याने मला काठीचा टेकू दिला आणि म्हणाला, "दादा, बसा."

आणि पानसोक नाही म्हणाला.

"मी मेलो नाही अजून."

"म्हणूनच म्हणतोय, बसा."

"जिवंत माणूस जिगेवर बसत नाही. तुझ्या पोराला कशावरून नेलंस तू? विसरलास? स्ट्रेचर येईल म्हणाला ना तो चष्मेवाला."

"स्ट्रेचर तुमच्यासाठी नाही दादा. तुम्हाला कळत कसं नाही?"

"मला डोंगरात टाकायला नेल्यासारखं नको नेऊ. मी चालत जाईन."

तो खरेच उठला, दोन पावले टाकली आणि पडला. टोळीतला चॉन नावाचा माणूस शेजारीच पितळ बांधत होता. त्याची जीभ विळ्यासारखी. तो म्हणाला, "मेंगदादा, डोंगरात टाकायचं तर माणूस खालून वर नेतात. हा तुम्हाला वरून खाली नेतोय. म्हणजे हे उलटं झालं. चालेल."

म्हातारा त्या अवस्थेतही विचारात पडला. मला त्याचा असा राग आला होता की माझे बेचके हलते असते तर त्याला उचलून बसवले असते. परदेशी लेफ्टनंटला पितळ प्यारे आणि आमच्या माणसाला अपशकुनाची भीती, आणि दोघांच्या मध्ये ते रक्त वाहत होते. माझ्यात काय अशुभ होते? लेकराला नेले ते मी मारले म्हणून नव्हे, नेणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून.

"दादा," बोंगचुल हळू म्हणाला, "घरी नातू झाला असेल. तुम्ही बघितला नाहीत अजून. बसता का आता?"

पानसोकने डोळे मिटले आणि हात पुढे केले.

जिगेवर बसलेल्या माणसाचे तोंड मागे असते. तो सबंध वाटभर टेकडीकडे बघत खाली आला, हातांनी माझी बेचकी घट्ट धरून. बोंगचुल उतारावर एकदाही घसरला नाही. ओढ्याच्या उतारावर तो धावला. पानसोकने तेवढ्यात त्याला एक शिवी दिली, जिवाच्या आकांताने दिलेली, आणि बोंगचुल हसला. मला त्याच्या पाठीतून ते हसू जाणवले.

पायथ्याशी तो शिपाई उभा होताच. त्याने बोंगचुलच्या मागे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि विचारले, पितळ कुठे?

क्वाकही एव्हाना खाली आला होता. तो काय बोलला ते मला कळले नाही, पण तो बराच वेळ बोलला आणि त्याचा आवाज चढला, एवढे सांगतो. शेवटी ठरले ते असे. जखमी माणसाला दवाखान्याच्या तंबूपुढे रांगेत ठेवा. आणि ज्याने पितळ फेकले त्याने आत्ताच्या आत्ता दुसरी खेप वर न्यावी. जिगे नसेल तर तिथला घ्यावा.

तिथला म्हणजे सैन्याने ठोकून घेतलेला. ओल्या लाकडाचा, खिळ्यांचा, सगळ्यांना एकाच मापाचा. खांद्यांवर जाड कापडी पट्टे आणि छातीवर लोखंडी बकल. बोंगचुलने तो उचलून पाहिला.

"हा माझ्या पाठीला बसत नाही," तो क्वाकला म्हणाला.

"मग दादाला खाली उतरव आणि तुझा घे."

बोंगचुलने तंबूपुढे पाहिले. तिथे चिखल होता. जखमी माणसे चिखलात आडवी पडली होती आणि त्यांच्यावरून बूट जात होते. त्याने मला काठीचा टेकू नीट लावून दिला, खाली एक दगड सरकवला. पानसोक माझ्यावर बसलेलाच होता.

"दादा, हलू नका. मी येतो."

"अरे, तुझा जिगे घेऊन जा. मी काय, बसेन चिखलात."

"मघाशी बसत नव्हता, आता उतरत नाही, असं करा," बोंगचुल म्हणाला. "म्हाताऱ्या माणसानं एका मतावर राहावं जरा."

ते परके लाकूड पाठीवर घेऊन तो गेला. डावा खांदा उतरता, त्यामुळे ओझे एका बाजूला झुकलेले मला दिसले. मी त्याच्या मागे ओरडलो. लाकूड ओरडते ते माणसाला ऐकू येत नाही.

तंबूबाहेर दोनदा शिपाई आले आणि मला न्यायला बघत होते, जिगे कमी पडत होते म्हणून. पानसोकने दोन्ही हातांनी बेचकी धरून असा कालवा केला की तंबूतून डॉक्टर बाहेर आला. चिखलात पडलेल्या माणसांत हा एकटा उंचावर बसलेला, त्याची फाटलेली मांडी डॉक्टरला लगेच दिसली. पानसोकला आत नेले. पाय गेला, जीव राहिला.

बोंगचुलचे काय झाले ते चॉनने सांगितले. चॉन त्याच्या मागेच चालत होता. ओढ्याच्या उतारावर गोळे पडायला लागले. अशा वेळी आमची माणसे काय करतात, तर खांदे जरा आत घेतात, की पेंढ्याचे पट्टे आपोआप सुटतात, ओझे मागच्या मागे आणि माणूस सरळ जमिनीवर. डोळ्याचे पाते लवायच्या आत. मी स्वतः बोंगचुलच्या पाठीवरून असा कितीदा तरी पडलो आहे आणि प्रत्येक वेळी मला आनंद झाला आहे. त्या दिवशी त्याने खांदे आत घेतले. बकल सुटले नाही. तो ओझ्यासकट उताणा पडला आणि कासवासारखा तिथेच अडकला. चॉन धावला, पण त्याआधी पुढचा गोळा आला.

गोळे थांबल्यावर चॉन आणि आणखी दोघे क्वाकला घेऊन लेफ्टनंटकडे गेले. आमचा माणूस ओढ्यात पडला आहे, त्याला आणतो, एवढेच म्हणाले. उत्तर आले की वरचे पितळ अजून यायचे आहे, आधी ते आणा, माणूस उद्या. चॉनने पानसोकला हे सांगितले तेव्हा त्याची ती विळ्यासारखी जीभ सरळ झालेली होती. तो म्हणाला, "आम्ही पितळ आणलं. त्याच्या शेजारून आणलं."

दुसऱ्या दिवशी टेकडी पलीकडच्यांनी घेतली. ओढाही गेला. नंतर लढाई थांबली आणि दोन्ही सैन्यांच्या मध्ये जी रिकामी पट्टी आखली, तिच्यात तो ओढा आहे. तिथे आजही कोणी जाऊ शकत नाही. पितळ मात्र खाली आले.

मला घरी नेले पानसोकने. एक पाय आणि कुबडी, आणि मी त्याच्या पाठीवर, रिकामा, वाकडा, त्याची कंबर सोलून काढणारा. वाटेत लोक म्हणाले, मोडीत टाका हे लाकूड. त्याने ऐकले नाही. ओकबुनच्या खोपटासमोर तो मला काठीच्या टेकूवर उभा करून स्वतः जमिनीवर बसला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"हा आला," ती म्हणाली. "आणि ते?"

"वहिनी, मला घेऊन आला तो. मी त्यानं सांगितल्याबरोबर बसलो असतो तर आम्ही आधीच खाली आलो असतो, गोळे पडायच्या आत तो ओढा ओलांडून गेला असता. मी बसलो नाही."

तिने खाली पडलेली कुबडी उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं आणि तुम्ही लगेच ऐकलंत, असं कधी झालंय का? चला आत. पेज आहे."

आमच्याकडे माणूस गेला की घरच्या छपरावर चढून त्याचा सदरा हलवतात आणि तीनदा नावाने हाक मारतात, म्हणजे जीव वाटेत असला तर परत फिरेल. आणि देह सापडला नाही तर त्याचे कपडे पुरून त्यावर माती लोटतात. ओकबुनकडे बोंगचुलचा सदरा नव्हता. घर जळाले तेव्हा सगळे गेले होते, आणि अंगावरचे अंगावरच राहिले. त्याच्या अंगाचे म्हणण्यासारखे जगात एकच काही उरले होते. माझी पेंढ्याची गादी आणि दोन पट्टे. त्यांत त्याचा वर्षानुवर्षांचा घाम मुरलेला होता. पावसात भिजलो की मला त्याचा वास यायचा.

तिने विळीने पट्टे कापले, गादी सोडवली. पानसोकने कुबडी टाकून शिडी धरली आणि ती छपरावर चढली. उत्तरेकडे तोंड करून तिने ती काळी पडलेली गादी हलवली आणि हाक मारली. पहिल्या हाकेला तिचा आवाज खाली पानसोकपर्यंतच पोहोचला. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी गावभर ऐकू गेला. मग मागच्या डोंगरावर, लेकराच्या शेजारी, गादी आणि पट्टे पुरले. लेकराला नेले तसे त्यांना कशावरून न्यायचे हा प्रश्नच नव्हता. पानसोकने मला दोरीने पाठीवर बांधले आणि नेले. तो चढणभर पडत होता, उठत होता, आणि कोणाला हात लावू देत नव्हता.

तेव्हापासून मला पट्टे नव्हते. ओकबुनने दुसरे वळले नाहीत. मी दारामागे उभा असायचो आणि ती जाता येता माझ्यावर ओला टॉवेल टाकायची. ती गेली, पानसोक त्याआधीच गेला होता, घर विकले गेले आणि मी इथे आलो. या शहरातल्या संग्रहालयाच्या अंगणात, नांगर आणि उखळ यांच्या शेजारी. माझ्यापुढच्या पाटीवर लिहिले आहे, शेतीचे अवजार. समोरच्या इमारतीत एक तोफ आहे. तिच्यापुढची पाटी माणसाच्या उंचीची आहे. ती कोणत्या लढायांत होती, किती दूर मारा करायची, सगळे लिहिले आहे. तिचे गोळे तिच्यापाशी उडत आले असावेत.

आणि मागच्या महिन्यात त्यांनी मला नायलॉनचे निळे पट्टे लावले. मुलांनी पाठीवर घेऊन फोटो काढावेत म्हणून. तुम्ही येता, मला उचलता, वाकता, हसता. तुमचे हसणे मला आवडते, खोटे कशाला बोलू? तुमच्यावर माझा राग नाही. पण, मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू शेवटी सांगतात की आमची काळजी घ्या, धूळ पुसा, तेल लावा. माझे मागणे तसे नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. ते निळे पट्टे तेवढे काढायला सांगा. माझे पट्टे हरवलेले नाहीत. ते जिथे असायला हवेत तिथे आहेत, आणि त्या मातीखाली त्यांच्याशिवाय दुसरे काही नाही.

पाटीवर जागा आहे. बाजूने खडूने लिहिले तरी चालेल, पुसले तर पुन्हा लिहा. प्यो बोंगचुल, शेतकरी. डावा खांदा उतरता.